घरच्या घरी बांधा धुराड्याची चूल

मुलचेरा तालुक्यातील कुठल्याही गावावरून सकाळी जावे, म्हणजे घराघरांच्या कवेलूंच्या फटींतून निळसर धूर बाहेर पडताना दिसतो. दुरून हे दृश्य छान वाटते. पण फटीतून बाहेर पडतो तो उरलासुरला धूर. त्यापूर्वी तो तासभर घरात कोंडलेला असतो, आणि त्या तासभरात चुलीपुढे बसलेली बाई, तिच्या मांडीवरचे लेकरू आणि कोपऱ्यात शेकत बसलेली म्हातारी आजी, सर्वांनी तो छातीत भरून घेतलेला असतो.

घरगुती हस्तकला म्हटले की आपल्याला रुखवतातल्या वस्तू किंवा मण्यांचे तोरण आठवते. स्वयंपाकघरासाठी स्वतःच्या हातांनी करण्यासारख्या वस्तू पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींचा थेट आरोग्याशी संबंध आहे. आज अशा तीन-चार वस्तूंविषयी लिहायचे आहे, पण सर्वांत जास्त जागा चुलीला देणार आहोत. कारण तिच्याएवढे नुकसान घरातली दुसरी कोणतीच वस्तू करीत नाही, आणि तिच्याएवढी स्वस्तात दुरुस्तही होत नाही.

धुराने डोळे झोंबतात हे सर्वांना कळते. छातीत काय होते ते मात्र दिसत नाही. लाकडाच्या धुरात अतिशय बारीक कण असतात. ते नाकातल्या केसांत अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, तो रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसणाऱ्या, कधी विडीला हात न लावलेल्या बाईला चाळिशी-पन्नाशीत विडी ओढणाऱ्यासारखा खोकला व दम लागतो, तो यामुळे. मोतीबिंदू लवकर येण्याशी आणि गरोदरपणात बाळाचे वजन कमी भरण्याशीही या धुराचा संबंध आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

लहान मुलांत मुख्य धोका न्यूमोनियाचा. आपल्या गडचिरोली जिल्ह्याचे नाव वैद्यकीय जगात ज्या कामांमुळे पोचले, त्यांत न्यूमोनियाचे काम महत्त्वाचे आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच आरोग्यसेवकांना व दाईंना मुलांचा न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचा अहवाल १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या दाईंना साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधे साधन तयार करण्यात आले होते. आपल्या घरी घड्याळ आहे, तेव्हा ही मोजणी प्रत्येक आईला यावी. मूल शांत असताना पोट वरखाली होते ते पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर घरगुती काढे करीत न बसता त्याच दिवशी आशाताईंना दाखवावे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. दूध पीत नसेल किंवा गळून पडले असेल तर रात्रीसुद्धा थांबू नये.

आता कोणी म्हणेल, गॅस आला की चुलीचे काय काम? उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतही शेगड्या पोचल्या. गॅससारखे दुसरे काही नाही हे आम्हीही सांगतो. ज्या घरी सिलिंडर भरलेला आहे, त्यांनी निदान मूल मांडीवर असताना तरी गॅसच पेटवावा. परंतु सिलिंडर भरायला पैसे लागतात, आणि जळतन जंगलातून येते. म्हणून कित्येक घरी चहा गॅसवर होतो. भात, आंघोळीचे पाणी आणि पाहुण्यांचा स्वयंपाक चुलीवरच होतो. जोवर हे असे आहे, तोवर चूल सुधारणे भाग आहे.

धूर बाहेर काढणारी चूल ही काही नवी कल्पना नाही. आपल्या शेजारच्या वर्ध्यात, गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीचे केंद्र असलेल्या मगनवाडीत, १९४० च्या दशकात 'मगन चूल' तयार झाली, ती मातीची आणि धुराड्याचीच होती. पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील 'अस्त्र' गटाने अशी चूल बसवली. महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' संस्थेने सुधारित चुलींवर पुष्कळ काम केले. केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तो २००२ पर्यंत चालला. अनेक वाचकांच्या घरी त्या काळात अशी एखादी चूल बसली असेल, आणि दोन-तीन वर्षांत मोडूनही गेली असेल.

ती का मोडली, हे समजून घेतल्याशिवाय नवी बांधण्यात अर्थ नाही. ओडिशातील सुमारे २,६०० घरांत संशोधकांनी धुराड्याच्या मातीच्या चुली देऊन चार वर्षांपर्यंत पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर खरोखरच घटला. पुढे मात्र फरक उरला नाही. चूल तडकली, धुराडे काजळीने बुजले, आणि लोक जुन्या चुलीकडे परतले. म्हणजे चूल वाईट नव्हती, तिची निगा राखली गेली नाही. बांधणारा बाहेरून आला, बांधून निघून गेला, आणि तडा गेला तेव्हा तो कसा बुजवायचा हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्या आज्यांच्या चुली टिकायच्या, कारण त्या स्वतःच बांधायच्या आणि सणावाराला स्वतःच लिंपायच्या. म्हणून आमचा आग्रह असा की ही चूल जी रांधते तिनेच बांधावी. घरच्या पुरुषांनी माती वाहून द्यावी आणि भिंतीला भोक पाडून द्यावे. त्यात त्यांना कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

बांधणीला पावसाळा टाळावा. दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात काम सुरू करावे.

माती चिकण हवी. चार टोपल्या माती, एक टोपली धानाचे तूस किंवा बारीक कापलेली तणीस आणि अर्धी टोपली शेण एकत्र करून पाण्यात भिजवावे व दोन दिवस मुरू द्यावे. नंतर पायाने चांगले तुडवावे. हे प्रमाण सर्व ठिकाणी सारखे लागू पडत नाही, कारण माती गावागणिक बदलते. परीक्षा सोपी आहे. लिंबाएवढे तीन गोळे करून सावलीत वाळवावेत. तडे गेले तर रेती किंवा तूस वाढवावे. बोटाने दाबताच भुगा झाला तर चिकणमाती वाढवावी. काळी कापसाची माती असेल तर तिला रेती बरीच लागते.

जागा बाहेरच्या भिंतीला लागून, दारातून येणारा वारा सरळ तोंडावर येणार नाही अशी निवडावी. तिथे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दहा इंच उंच असा मातीचा भरीव ओटा रचावा. थर घट्ट थोपटत जावे, आत पोकळी राहू देऊ नये. एक-दोन दिवसांनी माती बोट न रुतण्याइतपत आवळली, पण खुरपीने कापता येते, अशी झाली की कोरायला घ्यावे. पुढच्या अरुंद बाजूला सहा इंच रुंद व सहा इंच उंच तोंड कापावे. जास्त मोठे तोंड ठेवण्याचा मोह होतो, कारण जाड ओंडका सरकवता येतो. तोंड मोठे झाले की थंड हवा आत शिरते आणि धूर तोंडातूनच परत येतो.

तोंडाच्या मागे वरून पहिले छिद्र पाडावे. रोज भात ज्या गंजात शिजतो तोच गंज पालथा न घालता नीट उभा ठेवून, ओला करून, गोल फिरवत दाबावा, म्हणजे त्याच्या मापाची बैठक आपोआप तयार होते. गंज दोन इंच आत बसावा. दुसऱ्याच्या घरचे माप घेऊन केलेली चूल कधी नीट चालत नाही. गंजाच्या कडेने फट राहिली तर सगळा धूर तिथूनच वर येणार. पहिल्या छिद्राच्या मागे चार इंच जागा सोडून वैलासाठी दुसरे, थोडे लहान छिद्र करावे. दोन्हींना जोडणारा चार इंचांचा बोगदा आतून कोरावा. वैलाखालचा खड्डा पहिल्याइतका खोल ठेवू नये, चार-पाच इंच पुरे. तो उथळ असला की ज्वाळेची धग भांड्याच्या बुडाला घासून पुढे जाते, नाहीतर ती सरळ धुराड्यात पळते.

पहिल्या छिद्राखाली जमिनीपासून दोन इंचांवर लोखंडी जाळी बसवावी. लोहाराकडून तुकडा मिळतो, नाहीतर सळयांचे चार-पाच तुकडे आडवे टाकले तरी चालतात. जाळी व गंजाचे बूड यांत साधारण सहा इंच अंतर राहते. जाळीखालून हवा मिळाल्याने लाकूड स्वच्छ जळते आणि फुंकणी घेऊन बसावे लागत नाही.

धुराड्यासाठी चार इंचांची पत्र्याची नळी घ्यावी, किंवा कुंभाराकडून मातीच्या नळ्या करून एकावर एक बसवाव्यात. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या नळीचा तुकडा फुकट मिळाला तरी नको. ती कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला फार घातक असते. नळी छपरातून न नेता भिंतीतून बाहेर काढावी आणि बाहेर उभी करावी. गवताचे छप्पर असेल तर नळी छपराच्या कडेपासून निदान दीड फूट दूर हवी, आणि भिंतीतल्या भोकात नळीभोवती एक वीत जाडीचा मातीचा वेढा हवा. यात हयगय केली तर घर जळू शकते. नळीचे टोक छपराच्या वर दोन-तीन फूट जावे आणि त्यावर पत्र्याची टोपी असावी. टोपी व नळी यांत चार बोटे अंतर सोडावे. नळीच्या बुडाशी मुठीएवढे एक भोक ठेवून ते विटेच्या तुकड्याने बंद करावे, ते पुढे काजळी काढायला लागते. घरात मुले असतील तर नळीला त्यांच्या उंचीपर्यंत मातीचा लेप द्यावा, म्हणजे हात भाजणार नाहीत.

हे सर्व झाल्यावर चूल दहा-पंधरा दिवस सावलीत वाळू द्यावी. घाई करून पहिल्याच दिवशी मोठा जाळ केला की ती उभी तडकते. रोज केस-रेघेएवढे तडे पडतील ते पातळ मातीने बुजवावेत. मग दोन-तीन दिवस काटक्यांचा मंद जाळ करून नंतर वापरायला घ्यावी.

चूल जमली की नाही, हे कागदाचा कपटा पेटवून तोंडात धरला की कळते. धूर आत ओढला गेला तर जमली. परत तोंडाकडे आला तर घाबरून मोडू नये, आधी कारण शोधावे. बहुतेक वेळा वैलावर भांडेच ठेवलेले नसते आणि धूर तिथून निघत असतो. वैल कधीही मोकळा ठेवू नये. काही शिजवायचे नसेल तर पाण्याचा गंज ठेवावा. आंघोळीचे पाणी फुकटात तापते, हा या चुलीचा खरा नफा बायकांना लगेच पटतो. दुसरे कारण म्हणजे बोगदा बुजला असेल. तिसरे, नळी आखूड असेल. आणि चौथे, लाकूड ओले असेल.

ओल्या लाकडापुढे कोणतीही चूल हरते. आपल्या भागात पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो. तेव्हा उन्हाळ्यातच सरपण अंगठ्याएवढे बारीक फोडून आडोशाला रचून ठेवावे. चूल पेटवायला बांबूच्या वाळलेल्या झिलप्या उत्तम. पन्नी, सायकलचे जुने ट्यूब किंवा चपलेचा तुकडा घालून जाळ धरवण्याची सवय अनेकांना आहे. तो धूर लाकडाच्या धुरापेक्षाही वाईट, आणि भाकरी त्याच जाळावर भाजायची असते.

राख रोज काढावी. आठवड्यातून एकदा, बाजाराचा दिवस ठरवून घेतला तर विसरत नाही, वैलाच्या छिद्रातून हात घालून बोगद्यातली काजळी काढावी. पंधरा दिवसांनी दोरीला चिंध्यांचा गुंडाळा बांधून नळीतून वरखाली ओढावा व बुडाच्या भोकातून काजळी काढून टाकावी. पहिल्या पावसाआधी टोपी व बाहेरची माती तपासावी.

बंगाली वस्त्यांतील भगिनींसाठी एक सूचना. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून येऊन आपल्या भागात वसलेल्या कुटुंबांत जमिनीत खोल खणलेला 'उनुन' वापरण्याची रीत आहे. तो सरपण कमी खातो, पण धूर सगळा घरातच सोडतो. उनुनावरचा हात बसलेला असेल तर तो मोडण्याची गरज नाही. त्याच्या मागच्या बाजूने तिरपा बोगदा काढून धुराडे जोडता येते. ते जमत नसेल तर निदान उनुन अंगणातल्या मांडवाखाली न्यावा.

इतके करूनही धूर शून्य होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. ग्वाटेमाला देशात धुराड्याच्या चुलींचा मुलांवर काय परिणाम होतो याचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०११ साली आले. मुलांच्या शरीरात जाणारा विषारी वायू निम्म्यावर आला. साध्या न्यूमोनियात निश्चित म्हणता येईल असा फरक दिसला नाही, पण प्राणवायू कमी पडेल इतक्या गंभीर न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. म्हणून चूल सुधारली तरी तान्ह्याला स्वयंपाकाच्या वेळी दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर कोणाजवळ तरी द्यावे.

धूर कमी करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे जाळ लवकर विझवणे. त्यासाठी तणसाची टोपली करावी. धानाच्या मुलखात तणसाला तोटा नाही. मोठ्या बांबूच्या टोपलीत तळाला व कडेने चार बोटे जाड तणीस गच्च दाबून भरावी आणि मधे गंजाच्या मापाचा खळगा ठेवावा. जुन्या लुगड्याची पिशवी शिवून तिच्यात तणीस भरली की वरची उशी तयार झाली. भाताला उकळी फुटून पाच मिनिटे झाली की झाकण न उघडता गंज टोपलीत ठेवून उशी दाबावी. पाऊण तासात भात मोकळा शिजतो. तुरीची डाळ आधी भिजवून, पंधरा मिनिटे उकळून ठेवली तर दीड-दोन तास लागतात. भांडे निदान पाऊण भरलेले हवे, वाटीभर भाताला ही युक्ती चालत नाही. आणि अन्न कढत आहे तोवरच वाढावे. रात्रभर त्यात ठेवलेला कोमट भात पोट बिघडवतो. भातात असे जंतू असतात की ते शिजवून मरत नाहीत आणि कोमट उबेत वाढतात.

पाण्याच्या बाबतीत एकच वस्तू करायची, ती म्हणजे लांब दांड्याचे ओगराळे. हातपंपाचे पाणी चांगले असूनही घरात जुलाब होतात, याचे एक मोठे कारण माठात बुडणारे हात हे आहे. गोंड समाजात पाणी नेण्यासाठी वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा वापरतात, त्याच भोपळ्याचे लांब मानेचे फळ उभे कापले की सुंदर ओगराळे होते. नारळाच्या करवंटीला बांबूची दांडी बसवूनही करता येते. ते माठाच्या झाकणावर ठेवू नये, खिळ्याला टांगावे.

नदी-नाल्याचे पाणी आणावे लागत असेल तर जुन्या सुती लुगड्याची चार पदरी घडी करून गाळावे. बांगलादेशातील मतलब भागात असे पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले आहे. नारूचा रोग आपल्या देशातून गेला, १९९६ मध्ये शेवटचा रुग्ण आढळला, त्यातही फडक्याच्या गाळणीचा मोठा वाटा होता. कपडा मात्र नवा कोरा नको, वापरून धुतलेला हवा. त्याचे धागे फुगून विणीतली छिद्रे बारीक झालेली असतात. गाळल्यावर तो धुऊन उन्हात वाळवावा. गाळलेल्या पाण्यात जंतू उरतातच, तेव्हा उकळणे किंवा क्लोरीनचे थेंब टाकणे सोडू नये.

हात धुण्यासाठी पाच लिटरच्या तेलाच्या कॅनला झाकणाजवळ खिळ्याने भोक पाडावे, दोन रोवलेल्या काठ्यांमध्ये आडव्या बांबूला तो अडकवावा आणि झाकणाला दोरी बांधून तिचे दुसरे टोक जमिनीवरच्या काठीला बांधावे. पायाने काठी दाबली की कॅन वाकतो व बारीक धार पडते. नळाला हात लावावा लागत नाही. शेजारी दोरीला साबण टांगावा. मुले खेळ म्हणून का होईना, हात धुतात.

कॅन निवडताना मात्र तो खाद्यतेलाचाच आहे याची खात्री करावी. फवारणीच्या औषधाचे कॅन आणि बाटल्या दिसायला मजबूत असतात, आणि त्यांत गोडेतेल, मीठ किंवा पाणी भरून ठेवलेले काही घरांत आढळते. साबणाने, राखेने, उकळत्या पाण्याने, कशानेही ते विष पूर्ण निघत नाही. रिकामी बाटली फवारणी पंपातच तीनदा विसळून, ते पाणी पिकावरच फवारून, नंतर बाटलीला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे कोणी उचलून घरी आणली तरी तिच्यात काही भरता येणार नाही.